गोळ्या, गर्द आणि कामाची पाळी : अफूवर्गीय व्यसनाचे प्रकरण कंपनीने कसे हाताळावे

भोसरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यातील कारखान्यांत किंवा हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत मनुष्यबळ विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी, तसेच असा विभागच नसलेल्या लहान उद्योगांच्या मालकांसाठी हे लिहीत आहे. दारूचा प्रश्न आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचा आहे. स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या सेवाशर्ती व शिस्तीच्या नियमावलीत, त्याचे कलम असते, गेटवरच्या सुरक्षारक्षकाला वास येतो, फुंकर मारून घेण्याचे यंत्र कपाटात असते. अफूवर्गीय पदार्थांच्या बाबतीत यांपैकी काहीच कामी येत नाही. तोंडाला वास नसतो, माणूस आरडाओरडा करत नाही, आणि अनेकदा सुरुवात डॉक्टरांच्याच चिठ्ठीवर, कंबरदुखीच्या गोळीने झालेली असते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगार विभाग सांभाळताना अशी प्रकरणे माझ्या टेबलावर आली, तेव्हा कोणता कागद कोणाकडे जायचा, हे सांगणारे कोणी नव्हते. म्हणून सगळे क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या, कारण पुढच्या सर्व पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. ‘हा माणूस आज या यंत्रावर सुरक्षितपणे काम करू शकतो का’ हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे, आणि ‘याला व्यसन जडले आहे का’ हा डॉक्टरांचा. या दोन प्रश्नांच्या फायली वेगळ्या, माणसे वेगळी आणि शक्यतो कपाटेही वेगळी ठेवा. बहुतेक प्रकरणे चिघळतात ती सुपरवायझर निदान करू लागतो आणि डॉक्टरांकडून शिस्तीचा निर्णय मागितला जातो म्हणून.

१. पदार्थ कोणते, ते आधी समजून घ्या

गर्द, म्हणजेच ब्राउन शुगर, हे हेरॉइनचे अशुद्ध रूप आहे. अफू आणि डोडा (अफूच्या वाळलेल्या बोंडांचा भुसा) हे जुने पदार्थ आहेत. यांच्याच वर्गात ट्रामाडॉल व टॅपेन्टाडॉल या वेदनाशामक गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, मॉर्फिन, फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन येतात. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ वापरत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. म्हणजे हा प्रश्न झोपडपट्टीचा किंवा पंजाबचा आहे, आपल्या कंपनीचा नाही, असे समजून चालण्यात अर्थ नाही.

पुण्यात वर्तमानपत्रांतून सतत वाचायला मिळणारे एमडी, म्हणजे मेफेड्रोन, या वर्गात येत नाही. गांजा आणि झोपेच्या गोळ्याही वेगळ्या. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढे सांगितलेली औषधे आणि चाचण्या त्या पदार्थांना लागू पडत नाहीत. आणखी एक माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांना अवश्य द्या : ट्रामाडॉल जास्त मात्रेत घेतल्यास फिट येऊ शकते. प्रेस शॉपमध्ये किंवा फोर्कलिफ्टवर फिट येणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. हेच ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले, त्यामुळे ‘ही तर साधी दुखण्याची गोळी आहे’ हे म्हणणे कायद्याच्या दृष्टीनेही टिकत नाही.

२. पहिले प्रकरण येण्यापूर्वी धोरण लिहून ठेवा

प्रकरण समोर आल्यावर लिहिलेले धोरण त्या एका माणसाविरुद्ध लिहिल्यासारखे दिसते आणि युनियनही तसेच म्हणते. म्हणून आधी लिहा, युनियनच्या किंवा कामगार प्रतिनिधींच्या सह्या घ्या, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत कॅन्टीनजवळ लावा. दोन पानांपेक्षा मोठे करू नका. त्यात पुढील बाबी मात्र सुटू देऊ नका.

कोणती कामे सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील आहेत, याची नावानिशी यादी हवी : प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, उंचावरचे काम, विजेचे पॅनेल, कंपनीची बस. या कामांवरील व्यक्तीने गुंगी आणणारे कोणतेही औषध सुरू झाल्यास ते कंपनीच्या डॉक्टरांना कळवावे, सुपरवायझरला नव्हे, असे स्पष्ट लिहा. जो स्वतःहून मदत मागायला येईल त्याच्यावर केवळ त्या कबुलीसाठी शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, हे आश्वासन लिखित असावे. ते तोंडी दिले तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. आवारात पदार्थ विकणे किंवा दुसऱ्याला देणे हा मात्र पूर्णपणे वेगळा विषय आहे आणि त्याला कोणतीही सवलत नाही, हेही तितक्याच ठळकपणे लिहा.

येथे एक सापळा आहे. मुख्य कार्यालयाकडून ‘शून्य सहनशीलता’ अशा शीर्षकाचा तयार मसुदा येतो आणि त्यात ‘शरीरात अफूवर्गीय अंश आढळल्यास तत्काळ बडतर्फी’ असे वाक्य असते. या वाक्याच्या तावडीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर चिठ्ठीवर गोळ्या घेणारा लेखापालही सापडतो आणि व्यसनावरचा उपचार म्हणून ब्युप्रेनॉर्फिन घेणारा, पूर्ण शुद्धीत काम करणारा वेल्डरही. शिवाय अशा वाक्याने लोक पदार्थ सोडत नाहीत, तो अधिक काळजीपूर्वक लपवतात.

कायद्याच्या बाबतीत सावध राहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याने जुन्या स्थायी आदेशांची स्थिती बदलली आहे. औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांची आहे. तुमची कंपनी कोठे बसते, हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून एकदा लेखी घेऊन ठेवा. कोणताही कायदा लागू असो, आरोपपत्र, उत्तर देण्याची संधी आणि निष्पक्ष चौकशी यांतून सुटका नाही.

३. हे कागद तयार ठेवा

- सह्या झालेले धोरण आणि संवेदनशील कामांची यादी
- सुपरवायझरसाठी एकपानी निरीक्षण नमुना
- कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची चिठ्ठी, जिच्यावर फक्त ‘कामासाठी तंदुरुस्ती तपासावी’ एवढेच लिहिलेले असेल
- उपचार केंद्राकडून कोणती माहिती कंपनीला मिळावी, याबाबतचे कामगाराचे संमतीपत्र
- कामावर परतण्याच्या कराराचा नमुना
- समूह आरोग्य विम्याची संपूर्ण पॉलिसी, केवळ माहितीपत्रक नव्हे
- ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्डाची प्रत, लागू असल्यास
- आपत्कालीन क्रमांक : १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १४४४६ राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी, १४४१६ टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी)

शेवटचे दोन क्रमांक नोटीस बोर्डावर लावण्यापेक्षा स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावेत. नोटीस बोर्डासमोर उभे राहून असा क्रमांक कोणी टिपून घेत नाही.

४. सुपरवायझरला ‘काय दिसले’ एवढेच लिहायला शिकवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. आमच्याकडे येणाऱ्या पहिल्या नोंदी ‘नशेत होता’, ‘पावडर घेतो असे सगळे म्हणतात’ अशा असायच्या. अशा नोंदीवर काहीही करता येत नाही, आणि चौकशीत ती पहिल्या पाच मिनिटांत कोसळते. प्रशिक्षणानंतरची नोंद अशी दिसायला हवी :

‘दुसरी पाळी, दुपारी ४.२०. प्रेस क्रमांक ७ समोर स्टुलावर बसून डुलक्या घेत होते. दोनदा हाक मारल्यावर डोळे उघडले. नाक व मान सतत खाजवत होते. सेफ्टी गार्ड वर असताना प्रेसची सायकल सुरू करण्याचा प्रयत्न केला. सोबत पाहणारे : लाइन लीडर. ४.२५ ला यंत्र बंद करून त्यांना बाजूला बसवले.’

यात नशा हा शब्दही नाही, आणि तरी कारवाईला लागणारे सगळे आहे. तिसऱ्या पाळीत दोन ओटी सलग केलेला माणूसही असाच डुलक्या घेईल. मधुमेह्याची साखर उतरली तरी तो असाच दिसेल. म्हणूनच निदान डॉक्टरांकडे.

तरीही सुपरवायझरला दोन चित्रे माहीत असावीत. पदार्थाच्या अमलाखाली असताना गुंगी, अत्यंत बारीक झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, खाज आणि संथ बोलणे दिसते. पदार्थ न मिळाल्यावर, ज्याला व्यसनी लोक ‘टर्की’ म्हणतात त्या अवस्थेत, नेमके उलटे दिसते : सतत जांभया, नाक-डोळे वाहणे, अंगावर काटा, घाम, जुलाब, हातापायांत गोळे आणि विलक्षण अस्वस्थता. बाहुल्या मोठ्या असतात. गर्दच्या बाबतीत शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते १२ तासांत हे सुरू होते, म्हणजे नेमके एका पाळीच्या अंतराने. पाळीच्या शेवटी वारंवार ‘सर्दी-ताप’ सांगून गेटपास मागणारा माणूस कामचुकारच असेल असे नाही.

५. त्या दिवशी नेमके काय करावे

आधी यंत्र थांबवा, मग माणसाला बाजूला घ्या. लाइनवर, सहकाऱ्यांसमोर एकही प्रश्न विचारू नका. दुसऱ्या जबाबदार व्यक्तीला सोबत घेऊन त्याला प्रथमोपचार कक्षात न्या आणि डॉक्टरांना बोलवा. डॉक्टरांनी ‘आज कामास अयोग्य’ असे लिहून दिले की त्याला घरी पाठवा, पण दुचाकीची किल्ली हातात देऊन नव्हे. कंपनीची गाडी द्या किंवा घरच्यांना बोलवा. नाशिक फाट्यावर अपघात झाला तर गेटपासवर सही कोणाची होती, हा प्रश्न पहिला येतो. त्या दिवशी कोणतीही कबुली लिहून घेऊ नका. तशा अवस्थेतील सहीला किंमत नसते.

माणूस हाकेला उत्तर देत नसेल, श्वास अतिशय मंद किंवा घोरल्यासारखा अडखळत असेल, ओठ-नखे निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील, तर तो अतिमात्रेचा प्रकार समजा. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल किंवा थांबत आला असेल तर प्रशिक्षित व्यक्तीने कृत्रिम श्वास सुरू करावा. तोंडावर पाणी मारणे, कॉफी पाजणे, ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणणे हे सगळे घातक आहे. नॅलॉक्सोन हे अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवणारे औषध आहे. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात मिळते, म्हणून ते तुमच्या आरोग्य केंद्रात ठेवावे का आणि कोणी द्यावे, हे कंपनीच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवा. त्याचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो आणि पदार्थ शरीरात शिल्लक असेल तर माणूस पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो, त्यामुळे शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच लागते.

लॉकरमध्ये किंवा खिशात पदार्थ सापडला तर तो उचलून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका आणि शौचालयात टाकूनही देऊ नका. एनडीपीएस कायद्यानुसार तो जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे आणि तो बाळगणारे त्या क्षणी तुम्ही असता. जागा तशीच ठेवा, दोन साक्षीदार उभे करा आणि पोलिसांना कळवा. आपल्या ताब्यातील जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही याच कायद्याचे कलम २५ लागू होते, हे ‘आपण कशाला भानगडीत पडायचे’ म्हणणाऱ्या संचालकांना एकदा वाचून दाखवावे.

६. पहिले बोलणे

दुसऱ्या दिवशी, माणूस शुद्धीत असताना, बंद खोलीत बोला. खोलीत तुम्ही आणि त्याला हवी असल्यास त्याच्या विश्वासाची एक व्यक्ती, एवढेच. टेबलावर फक्त निरीक्षणाची नोंद आणि हजेरीपट ठेवा. सुरुवात साधारण अशी करता येते :

‘दादा, काल ४.२० ला प्रेसवर हे घडलं. हे मी वाचून दाखवतो, चुकीचं असेल तर सांगा. तुम्हाला काय झालंय ते मी विचारत नाही, ते डॉक्टरांशी बोला. पण या स्थितीत मी तुम्हाला प्रेसवर पाठवू शकत नाही. उपचाराची गरज असेल तर कंपनी रजा देईल आणि जागा राखून ठेवेल. हे आपल्या धोरणात लिहिलेलं आहे, ही प्रत.’

मग गप्प बसा. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे. समोरचा बहुधा आधी नाकारतो, मग चिडतो, आणि बऱ्याच वेळाने ‘घरी कळवू नका’ असे म्हणतो. घरी कळवणार नाही, हे वचन द्या, कारण ते तुमचे कामच नाही. ‘मुलाबाळांकडे बघा’, ‘आईची शपथ घ्या’ असली वाक्ये टाळा. ती त्याने घरी शेकडो वेळा ऐकलेली असतात आणि कंपनीच्या खोलीत त्यांचा परिणाम फक्त अपमान एवढाच होतो.

अटक होईल, या भीतीने अनेक जण उपचाराला जात नाहीत. त्यांना एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ सांगा. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. विक्रीच्या गुन्ह्याला हे लागू नाही.

७. पुण्यात उपचारासाठी कोठे पाठवावे

या बाबतीत पुणे भाग्यवान आहे. ऐंशीच्या दशकात शहरात गर्द पसरला तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ते येरवड्यात मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले आणि आज आळंदी रस्त्यावर मोहनवाडीजवळ आहे. महिलांसाठी तेथे ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात कमी खर्चात तपासणी होते, पिंपरी-चिंचवडकरांना महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ पडते, आणि नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसनमुक्तांच्या स्वमदत गटाच्या सभा शहरात होतात. ईएसआय असलेल्या कामगारांसाठी चिंचवडला मोहननगर आणि इकडे बिबवेवाडी अशी रुग्णालये आहेत.

कोणतेही खासगी केंद्र सुचवण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार दारू व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजाराच्या व्याख्येत येते, त्यामुळे अशा केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नोंदणी प्रमाणपत्र मागा, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा, रुग्णाला घरी फोन करू देतात का ते पाहा. शहराच्या कडेला, बंगला भाड्याने घेऊन, ‘आमची माणसे येऊन उचलून नेतात’ असे सांगणारी केंद्रे आहेत. अशा केंद्राच्या गाडीसाठी कंपनीचे गेट कदापि उघडू नका. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याला कायद्यात तज्ज्ञांची तपासणी, नामनिर्देशित प्रतिनिधी आणि कालमर्यादा यांची चौकट आहे, आणि त्यात मालकाला कोणतीही भूमिका नाही.

उपचाराबद्दल व्यवस्थापनाने एवढे समजून घ्यावे. केवळ आठ-दहा दिवस पदार्थ बंद करून ‘शरीर साफ’ केले की काम संपले, असे नाही. उलट तोच काळ सर्वांत धोक्याचा, कारण शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते आणि जुन्याच मात्रेने पुन्हा घेतले तर जीव जाऊ शकतो. म्हणून अनेकांना जिभेखाली ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दीर्घकाळ दिली जाते. ती नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावी लागते आणि सुरुवातीला बहुधा रोज जावे लागते. मालक म्हणून तुम्ही करू शकाल अशी सर्वांत उपयुक्त गोष्ट येथे आहे : केंद्राची वेळ पाहून पाळी ठरवून द्या. फिरत्या पाळीमुळे केंद्र चुकले, केंद्र चुकले म्हणून टर्की सुरू झाली आणि टर्कीमुळे माणूस पुन्हा पदार्थाकडे गेला, ही साखळी तोडायला एक पैसाही लागत नाही. काहींना नॅल्ट्रेक्सोन हे अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम रोखणारे औषध दिले जाते. त्या व्यक्तीला अपघात झाल्यास अफूवर्गीय वेदनाशामक परिणाम करत नाही, म्हणून तिने औषधाची चिठ्ठी खिशात बाळगावी आणि कंपनीच्या डॉक्टरांना ते माहीत असावे.

८. रजा, पगार आणि विमा

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या ईएसआय कामगाराला पात्रतेच्या अटी पूर्ण होत असल्यास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के लाभ वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांचे लागते, खासगी केंद्रात दाखल होण्यापूर्वीच हे विचारून घ्या. इतरांसाठी आधी वैद्यकीय रजा, मग साठलेली रजा आणि शेवटी बिनपगारी, असा क्रम धोरणात लिहा. रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय उपचार’ एवढे पुरेसे आहे. आजाराचे नाव लिहायला लावू नका, कारण तो अर्ज टाइम ऑफिसमधल्या किमान तिघांच्या हातांतून जातो.

विम्याबद्दल लोक फसतात. २०१७ च्या अधिनियमाने मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच विमा संरक्षण द्यायला सांगितले आहे, पण बहुतेक पॉलिसींमध्ये दारू, अंमली पदार्थ व व्यसन यांवरील उपचार वगळणारे प्रमाणित कलम असते. नूतनीकरणाच्या वेळी समूह विम्यात ते कलम काढून घेता येते का, हे दलालाला लेखी विचारा. तोपर्यंत कामगाराला ‘विम्यातून होईल’ असे सांगू नका.

९. चाचणी : उपयोग आणि मर्यादा

लघवीची सर्वसाधारण पट्टी मॉर्फिन, कोडीन आणि गर्द दाखवते, तेही साधारण दोन-तीन दिवसांपर्यंतच. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन ती दाखवत नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. म्हणजे आपल्याकडे ज्या गोळ्यांचा गैरवापर होतो, त्यांतल्या बऱ्याच या पट्टीतून सहज निसटतात. उलट बाजूने, कोडीनचे खोकल्याचे औषध चिठ्ठीवर घेतलेल्याची पट्टी पॉझिटिव्ह येते, आणि खसखस भरपूर खाल्ल्यानेही येऊ शकते. दिवाळीत अनारसे खाऊन आलेल्या माणसाला आरोपपत्र देण्याची वेळ येऊ नये, म्हणून पट्टीवर कधीही थांबू नका. प्रयोगशाळेतील मास स्पेक्ट्रोमेट्रीची खात्रीची चाचणी आणि चालू औषधांबद्दल डॉक्टरांनी खासगीत केलेली विचारपूस, या दोन्हींनंतरच निष्कर्ष काढा. नमुना कोणी घेतला, सील कोणी केला, कोणाच्या हाती दिला, याची सलग नोंद नसेल तर अहवाल चौकशीत टिकत नाही.

सर्वांची अचानक चाचणी घेण्याची सूचना एखादा उत्साही व्यवस्थापक करतोच. माझे मत विरोधात आहे. संवेदनशील कामे, अपघातानंतरची तपासणी आणि परतीच्या करारातील चाचण्या, एवढ्यापुरतीच ती ठेवा, आणि तीही लेखी संमतीने.

१०. कामावर परतताना

उपचार केंद्राकडून फक्त दोन गोष्टी मागा : व्यक्ती कामास योग्य आहे का, आणि कामात काही बंधने हवीत का. रुग्णाने आत काय सांगितले, किती वर्षे घेत होता, कोणाकडून घेत होता, हे कंपनीला कळण्याचे कारण नाही. २०१७ च्या अधिनियमाने त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परतीच्या करारात काय असावे ते थोडक्यात : सुरुवातीला यंत्राशिवायचे काम आणि त्याची मुदत, पाठपुराव्याच्या सभांसाठी सुट्टी, ठरलेल्या चाचण्या, महिन्यातून एक भेट, आणि करार मोडल्यास पुढची पायरी कोणती. वेतनश्रेणी कमी करू नका, नाहीतर तो उपचार न राहता शिक्षा होते.

पगाराचा दिवस हा बहुतेकांचा कठीण दिवस असतो. त्या आठवड्यात भेट ठेवा. स्वतः मागितल्यास पगाराचा काही भाग पत्नीच्या किंवा आईच्या खात्यात जाईल, अशी सोय करता येते, मात्र लेखी विनंतीशिवाय नाही. सहकाऱ्यांना काय सांगायचे, हेही त्या व्यक्तीलाच ठरवू द्या. ‘आजारी होतो’ हे उत्तर पुरेसे आणि खरे आहे. ‘पावडर’, ‘गर्दुल्ला’ अशी हाक लाइनवर ऐकू आली तर ती सुपरवायझरने त्याच क्षणी थांबवायची असते. सुपरवायझर स्वतःच हसत असेल तर मेमो त्याला द्या.

११. पुन्हा घसरण झाली तर

ती होऊ शकते आणि या आजारात ती अनपेक्षित नाही. पहिल्यांदा घडल्यास, आणि विशेषतः माणसाने स्वतः येऊन सांगितल्यास, त्याच दिवशी यंत्रावरून काढून केंद्राकडे परत पाठवा आणि करार नव्याने लिहा. किती वेळा, हे मालकाने आधीच ठरवावे आणि सर्वांना सारखेच लागू करावे. वेल्डरला दोन संधी आणि विक्री व्यवस्थापकाला चार, असे झाले की धोरण संपते. गैरहजेरी, खोटी हजेरी, चोरी किंवा मारामारी झाली असेल तर त्या कृत्याबद्दल नेहमीची शिस्तभंगाची प्रक्रिया चालवा. उपचार सुरू आहेत म्हणून ती माफ होत नाही आणि व्यसन आहे म्हणून शिक्षा वाढतही नाही. आरोपपत्रात वैद्यकीय फाइलमधले एकही वाक्य उतरवू नका.

१२. कंबरदुखी आणि कंत्राटी कामगार

ही दोन टोके नेहमी सुटतात. पहिले : वर्षभर प्रथमोपचार कक्षात कोणत्या विभागातून कंबर-खांद्याच्या तक्रारी जास्त येतात, याची नोंद काढा. जिथे पंचवीस-तीस किलोचे क्रेट दिवसभर हातांनी उचलले जातात, तिथे हॉइस्ट किंवा कन्व्हेयर बसवणे हाच प्रतिबंध. कंपनीच्या डॉक्टरांना सांगा, की ट्रामाडॉल लिहायचीच वेळ आली तर थोड्याच दिवसांची लिहावी आणि पुन्हा तपासल्याशिवाय वाढवू नये. कायद्याने ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने घेणारे असतात.

दुसरे : तुमच्या लाइनवरचे निम्मे लोक ठेकेदाराचे असतील, तर ‘उद्यापासून दुसरा माणूस पाठव’ हा फोन करणे सर्वांत सोपे असते. तो माणूस आठवड्याभरात शेजारच्या प्लॉटमधल्या कारखान्यात, तशाच प्रेसवर, कोणालाही काही माहीत नसताना उभा राहतो. ठेकेदाराबरोबरच्या करारात एक कलम घाला : कंपनीच्या डॉक्टरांनी अयोग्य ठरवलेल्या कामगाराला उपचारासाठी पाठवणे, त्याचे ईएसआय चालू ठेवणे आणि तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणल्यावर परत घेणे ठेकेदारावर बंधनकारक राहील. दर महिन्याचे बिल मंजूर करताना ईएसआय भरल्याची पावती पाहा. कार्ड नुसते काढलेले आणि हप्ता न भरलेला असेल, तर ते रुग्णालयाच्या खिडकीवरच कळते.